द्विघटकी क्षेत्रावरील अल्पपदी आदिम बहुपदी : सोय आणि तिची किंमत

बीजसंज्ञा : सांत क्षेत्र, आदिम बहुपदी, त्रिपदी, शिफ्ट रजिस्टर, यादृच्छिक संख्या

प्रस्तावना

सांत क्षेत्रांचा सिद्धांत हा पदव्युत्तर गणिताच्या अभ्यासक्रमातील एक ठरीव घटक होय. त्यात ‘आदिम बहुपदी’ची व्याख्या येते, लहान कोटीची एक-दोन उदाहरणे फळ्यावर सोडविली जातात आणि विषय पुढे सरकतो. याच व्याख्येवर उपग्रहांचे संकेत, दूरसंचाराच्या तारा, गुप्तलेखन आणि संगणकीय अनुकरणे उभी आहेत, याची जाणीव मात्र वर्गात क्वचितच करून दिली जाते. त्यातही व्यवहारात वापरल्या जाणाऱ्या आदिम बहुपदी बहुधा अगदी मोजक्या पदांच्या, म्हणजे ३ किंवा ५ पदांच्या असतात. ही निवड सोयीची आहे. पण ती निर्धोक आहे काय? १९९२ साली भौतिकशास्त्रातील एका साध्या पडताळणीने या प्रश्नाचे जे उत्तर दिले, ते संगणकावर अनुकरण करणाऱ्या कोणत्याही विद्याशाखेच्या अध्यापकाने माहीत करून घ्यावे असे आहे. प्रस्तुत लेखात अल्पपदी आदिम बहुपदी का हव्या असतात, त्या केव्हा मिळत नाहीत आणि मिळाल्या तरी त्यांची कोणती किंमत मोजावी लागते, याचा ऊहापोह केला आहे.

मूलभूत संकल्पना

द्विघटकी क्षेत्रात ० आणि १ हे दोनच घटक असतात. बेरीज व गुणाकार नेहमीप्रमाणेच, फक्त १ + १ = ० हा एक अपवाद. त्यामुळे बेरीज आणि वजाबाकी यांत भेद उरत नाही. संगणकाच्या भाषेत ही बेरीज म्हणजे एक्सॉर ही क्रिया होय. या क्षेत्रावरील बहुपदीचे सहगुणक ० किंवा १ एवढेच असू शकतात. म्हणून बहुपदी सांगण्यासाठी तिच्यात कोणते घात आहेत एवढे सांगितले तरी पुरते. येथे तीच पद्धत स्वीकारली आहे : (४, १, ०) म्हणजे क्षचा चौथा घात अधिक क्ष अधिक १.

जिचे लहान कोटीच्या बहुपदींत अवयव पडत नाहीत ती अविभाज्य बहुपदी. आदिम बहुपदीकडून याहून अधिक अपेक्षा असते. कोटी न असलेल्या बहुपदीने क्षच्या वाढत्या घातांना भागत गेल्यास बाक्या काही काळाने पुन्हा त्याच येऊ लागतात. शून्येतर बाक्या एकूण ‘२ चा न वा घात उणे १’ इतक्याच असू शकतात. पुनरावृत्ती सुरू होण्यापूर्वी यांतील प्रत्येक बाकी एकदा येऊन जात असेल, तर ती बहुपदी आदिम होय. ही सर्वांत मोठी शक्य लांबी येथे ‘महत्तम आवर्तन’ म्हणून उल्लेखिली आहे.

अविभाज्य आणि आदिम यांतील फरक पाठ्यपुस्तकांत एका ओळीत उरकला जातो आणि विद्यार्थ्यांच्या मनात तो बहुधा पुसटच राहतो. चौथ्या कोटीचे उदाहरण त्यासाठी पुरेसे आहे. या कोटीच्या अविभाज्य बहुपदी तीनच : (४, १, ०), (४, ३, ०) आणि (४, ३, २, १, ०). पहिलीवरून ‘प्रत्येक नवा बिट हा चार आणि तीन स्थाने मागील बिटांची बेरीज’ असा नियम मिळतो. ०, ० , ०, १ पासून सुरुवात केल्यास मालिका अशी येते :

०००१००११०१०११११

त्यानंतर तीच मालिका पुन्हा सुरू होते. लांबी १५, म्हणजेच महत्तम आवर्तन. तिसऱ्या बहुपदीचा नियम ‘मागील चारही बिटांची बेरीज’ असा आहे आणि तिची मालिका ०००११ एवढ्यावरच संपते. लांबी अवघी ५. ती अविभाज्य आहे, परंतु आदिम नाही.

हा भेद केवळ पुस्तकी नव्हे. अमेरिकेच्या प्रमाण संस्थेने २००१ साली स्वीकारलेल्या ‘एईएस’ या गुप्तलेखन पद्धतीत (८, ४, ३, १, ०) ही बहुपदी वापरली आहे. ती अविभाज्य आहे, पण आदिम नाही : तिच्या बाबतीत क्षचे घात २५५ पायऱ्यांऐवजी ५१ पायऱ्यांतच मूळ जागी येतात. तेथे फक्त क्षेत्र हवे होते, महत्तम आवर्तन नको होते. म्हणून काही बिघडले नाही. याउलट दुकानाच्या गल्ल्यावर चिकटविलेल्या क्यूआर संकेतातील त्रुटिशोधनासाठी (८, ४, ३, २, ०) ही आदिम बहुपदी घेतलेली आहे. एका पदाचा फरक, पण गुणधर्म निराळा.

अल्प पदे कशासाठी?

न कोटीच्या आदिम बहुपदी किती, याचे सूत्र सोपे आहे : महत्तम आवर्तनापेक्षा लहान आणि त्याच्याशी सहमूळ असलेल्या संख्यांची गणती करून तिला नने भागावे. १० कोटीसाठी हे उत्तर ६० येते. ३१ कोटीसाठी ६,९२,७३,६६६. म्हणजे तुटवडा मुळीच नाही. तरीही ३१ कोटीच्या या प्रचंड समूहात तीन पदांच्या बहुपदी केवळ ८ आहेत आणि अभियंते पुनःपुन्हा त्या आठांकडेच वळतात. दूरसंचार मार्गांच्या चाचणीसाठी आंतरराष्ट्रीय प्रमाणांत ज्या मालिका सांगितल्या आहेत त्यांत (३१, २८, ०), (२३, १८, ०), (१५, १४, ०) अशा त्रिपदीच दिसतात. दर सेकंदाला १० अब्ज बिट वाहून नेणाऱ्या इथरनेटमधील बिट विस्कटण्याची क्रिया (५८, ३९, ०) या त्रिपदीवर चालते.

कारण उघड आहे. शिफ्ट रजिस्टर म्हणजे बिटांची एक रांग. प्रत्येक ठोक्याला रांग एक घर पुढे सरकते, काही ठरलेल्या घरांतील बिटांची बेरीज होते आणि ती रिकाम्या घरात भरली जाते. बेरजेत भाग घेणारी घरे म्हणजेच बहुपदीची पदे. त्रिपदी असल्यास दर ठोक्याला एकच एक्सॉर पुरते. पंचपदी असल्यास तीन. दाट बहुपदी घेतल्यास परिपथ गुंतागुंतीचा होतो, वेग उतरतो. १९५० च्या दशकात आणि पुढे या विषयाचा पाया घालणारे सॉलोमन गोलोम्ब यांचा शिफ्ट रजिस्टरच्या मालिकांवरील ग्रंथ १९६७ साली प्रसिद्ध झाला. या मालिका यादृच्छिकतेच्या काही कसोट्यांना किती उत्तम उतरतात, हे त्यात व्यवस्थित मांडलेले आहे. वरील १५ बिटांतही १ आठ वेळा आणि ० सात वेळा येतो; याहून समान वाटणी विषम लांबीत शक्यच नाही.

भारतीय वाचकाला जवळचे उदाहरण नाविक प्रणालीचे. जीपीएसच्या नागरी संकेतात १० घरांची दोन रजिस्टरे असतात : एकाची बहुपदी (१०, ३, ०), दुसऱ्याची (१०, ९, ८, ६, ३, २, ०). दोन्हींची आवर्तने १०२३ बिटांची. त्यांची बेरीज करून प्रत्येक उपग्रहाला स्वतःची वेगळी मालिका दिली जाते. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने आपल्या दिशादर्शन उपग्रहांच्या सर्वसाधारण सेवेसाठी जाहीर केलेल्या संकेत-विवरणातही याच दोन बहुपदी आहेत. येथे दुसरी बहुपदी सात पदांची आहे, हे लक्षात घेण्याजोगे. एका जोडीतील मालिका एकमेकींशी घोटाळा न करणाऱ्या हव्या असतील, तर पदे कमी असावीत हा आग्रह सोडावा लागतो.

त्रिपदी कोठे मिळत नाही

सर्वांत कमी पदे किती असू शकतात? अचल पद १ असणे आवश्यकच, अन्यथा क्ष हा अवयव बाहेर पडतो. आता पदांची एकूण संख्या सम असेल तर क्षच्या जागी १ ठेवल्यावर बेरीज ० येते आणि ‘क्ष अधिक १’ हा अवयव निघतो. म्हणून पहिल्या कोटीचा किरकोळ अपवाद वगळता पदांची संख्या विषमच हवी. तेव्हा त्रिपदी ही किमान मर्यादा, आणि तिच्याखालोखाल सोयीची पंचपदी.

परंतु त्रिपदी प्रत्येक कोटीत मिळत नाही. रिचर्ड स्वान यांनी १९६२ साली सिद्ध केलेल्या प्रमेयाने बहुपदीच्या विवेचकावरून तिच्या अविभाज्य अवयवांची संख्या सम आहे की विषम, हे अवयव न पाडताच सांगता येते. या विचाराचे बीज स्टिकेलबर्गर यांच्या १८९७ च्या निष्पत्तीत आहे. अवयवांची संख्या सम निघाली, तर बहुपदी अविभाज्य असूच शकत नाही, कारण अविभाज्य बहुपदीला एकच अवयव असतो. या प्रमेयाचा एक उपसिद्धांत असा की, कोटी ८ ने विभाज्य असेल तर अविभाज्य त्रिपदी नसते. मग आदिम त्रिपदीचा प्रश्नच उद्भवत नाही. दैवदुर्विलास असा की, संगणकाला नेमक्या याच कोटी प्रिय आहेत : ८, १६, ३२, ६४, १२८. वर पाहिलेल्या एईएस आणि क्यूआर या दोन्ही उदाहरणांत पंचपदी का आली, याचे उत्तर येथे मिळते.

त्रिपदी अविभाज्य असली तरी ती आदिम असेलच असे नाही. (६, ३, ०) ही अविभाज्य आहे, पण तिचे आवर्तन ६३ नसून ९ आहे. याच घराण्यातील (१८, ९, ०), (५४, २७, ०) अशा अनंत त्रिपदी अविभाज्य असल्याचे सिद्ध झाले आहे. यांपैकी आदिम मात्र आरंभीची (२, १, ०) ही एकटीच. एखादी बहुपदी आदिम आहे हे सिद्ध करायचे तर महत्तम आवर्तनाच्या संख्येचे मूळ अवयव माहीत असावे लागतात, आणि मोठ्या कोटीत तेच काम सर्वांत कठीण. मर्सेन मूळ संख्यांचे आकर्षण यामुळेच. ‘२ चा न वा घात उणे १’ ही स्वतःच मूळ संख्या असेल, तर प्रत्येक अविभाज्य बहुपदी आपोआप आदिम ठरते.

एक जुनी पडताळणी

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शिफ्ट रजिस्टरमधून यादृच्छिक संख्या मिळविण्याची कल्पना टॉसवर्थ यांनी १९६५ साली मांडली. लुईस आणि पेन यांनी १९७३ मध्ये तिला अधिक वेगवान रूप दिले : एकेका बिटाऐवजी संपूर्ण शब्दांवर एकाच वेळी एक्सॉर करावयाचे. कर्कपॅट्रिक आणि स्टोल यांनी १९८१ साली (२५०, १०३, ०) ही त्रिपदी वापरून जी पद्धत प्रसिद्ध केली ती ‘आर २५०’ या नावाने सर्वदूर पोचली. नियम एका ओळीचा : नवी संख्या म्हणजे १०३ आणि २५० स्थाने मागील संख्यांचे एक्सॉर. आवर्तन अवाढव्य, वेग उत्तम. त्या काळच्या भौतिकशास्त्रज्ञांना याहून अधिक काही नको होते.

१९९२ साली फेरेनबर्ग, लँडाऊ आणि वाँग यांनी द्विमितीय आयसिंग प्रारूपाचे अनुकरण केले. चुंबकत्वाच्या या प्रारूपाचे अचूक गणिती उत्तर ठाऊक आहे. त्यामुळे संगणकाचे उत्तर बरोबर की चूक, हे ताडून पाहता येते. स्पिनांचे गुच्छच्या गुच्छ एकाच वेळी उलटविणारी वोल्फ यांची पद्धत त्यांनी वापरली. आर २५० मुळे ऊर्जा आणि विशिष्ट उष्मा यांच्या किमतींत जी चूक आली ती सांख्यिकीय त्रुटीच्या मर्यादेबाहेर कितीतरी अधिक होती. जुनाट आणि निकृष्ट समजल्या जाणाऱ्या साध्या गुणाकारी पद्धतीने मात्र तुलनेने बरे उत्तर दिले! अचूक उत्तर ठाऊक नसलेल्या प्रश्नांवर तोपर्यंत याच पद्धतीने किती अनुकरणे झाली असतील, या विचाराने त्या क्षेत्रात अस्वस्थता पसरली असल्यास नवल नाही.

दोष कोठे होता? त्रिपदीत तीन स्थानांच्या बिटांची बेरीज नेहमी ० असते. म्हणून त्या तीन जागी ०००, ०११, १०१ किंवा ११० एवढेच येऊ शकते. १११ कधीही येत नाही. खऱ्याखुऱ्या यादृच्छिक मालिकेत तो आठांतून एकदा यायला हवा. यांपैकी कोणतेही दोन बिट पाहिले तर सर्व काही निर्दोष दिसते. दोष फक्त तिघांना एकत्र पाहिल्यावर प्रकट होतो, आणि बहुतेक नेहमीच्या कसोट्या दोघांपलीकडे पाहत नाहीत. संख्यांच्या भाषेत सांगायचे तर, १०३ आणि २५० स्थाने मागील दोन्ही संख्या फार लहान असतील तर नवी संख्याही लहानच येणार, कारण दोन लहान संख्यांचे एक्सॉर लहानच असते. गुच्छाला नवा स्पिन जोडावा की नाही, हा निर्णय वोल्फ पद्धतीत नेमका संख्येच्या लहान-मोठेपणावर घेतला जातो. गुच्छ वाढत असताना सलग शेकडो संख्या वापरल्या जातात. अशा प्रसंगी मालिकेतील ही तिहेरी गाठ थेट निष्कर्षात उतरते.

यावर एक भोळा उपाय सहज सुचतो : मालिकेतील एकाआड एक संख्या घ्यावी. तो निष्फळ ठरतो आणि त्याचे कारण मनोरंजक आहे. वरील १५ बिटांची मालिका घ्या, पहिल्यापासून एकाआड एक बिट टिपत दोन फेऱ्या मारा. मिळणारी मालिका पुन्हा ०००१००११०१०११११ हीच! द्विघटकी क्षेत्रात बहुपदीचा वर्ग केला तरी मधली पदे दुप्पट होऊन नाहीशी होतात. (२५०, १०३, ०) चा वर्ग (५००, २०६, ०) असतो, म्हणजे पुन्हा त्रिपदीच. चाराआड, आठाआड घेऊनही तेच. वर्गातील विद्यार्थ्यांना हा प्रयोग कागद-पेन्सिलीने करावयास द्यावा; वर्गाच्या सूत्राचे याहून बोलके उदाहरण सापडणे अवघड.

पदे वाढविली तर?

पंचपदी घेतल्यास बंधन पाच बिटांवर पडते. त्यांतील कोणतेही चार परस्परांपासून स्वतंत्र राहतात. दोष नाहीसा होत नाही, पण तो अधिक खोल जातो. झिफ यांनी १९९८ साली याच विचाराने (९६८९, ६९८८, १५८६, ४७१, ०) ही पंचपदी सुचविली. मात्सुमोतो आणि निशिमुरा यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेली मर्सेन ट्विस्टर पद्धती आज अनेक संगणकीय भाषांत अंगभूत असते. तिच्या मुळाशी १९९३७ कोटीची आदिम बहुपदी आहे आणि तिला १३५ पदे आहेत. आकड्याने हे पुष्कळ वाटते. पण १९९३७ च्या मानाने ते अल्पच. सुरुवातीच्या स्थितीत जवळजवळ सर्व शून्ये असतील तर या पद्धतीला सावरायला फार वेळ लागतो, हे यामुळेच. २००६ साली पॅनेटन, लेक्युए आणि मात्सुमोतो यांनी दिलेल्या सुधारित पद्धतीत याच कोटीच्या बहुपदीला ८५८५ पदे आहेत.

तरीही केवळ पदे मोजून निश्चिंत होणे योग्य नव्हे. बहुपदी कितीही दाट असली, तरी आदिम असल्यास तिच्या पटींमध्ये त्रिपदी असतातच. क्षचे घात सर्व शून्येतर बाक्यांतून फिरून जातात, म्हणून १ अधिक क्षचा कोणताही घात हा क्षच्याच दुसऱ्या एखाद्या घाताइतका निघतो, झाली त्रिपदी. प्रश्न एवढाच की ती किती मोठ्या कोटीला भेटते. ३१ कोटीच्या सर्वसाधारण आदिम बहुपदीसाठी ढोबळ अंदाजाने ती ६५ हजारांच्या आसपास भेटते. अनुकरणात यापेक्षा लांब मालिका वापरली, तर तीन बिटांची गाठ पुन्हा आहेच. म्हणून कोटी पुरेशी मोठी असणे हेही पदसंख्येइतकेच महत्त्वाचे.

गुप्तलेखनात हाच दोष शत्रूच्या हाती लागतो. एकटे रजिस्टर तर सुरक्षित नसतेच : बर्लेकँप आणि मॅसी यांच्या १९६९ पर्यंत पूर्ण रूपास आलेल्या रीतीने न कोटीच्या रजिस्टरचे सलग २न बिट हाती आले की संपूर्ण नियम उलगडतो, १० घरांच्या रजिस्टरसाठी केवळ २० बिट. म्हणून अनेक रजिस्टरे गुंफली जातात. मायर आणि स्टाफेलबाख यांनी १९८८-८९ मध्ये दाखवून दिले की, गुंफलेल्या रजिस्टरांपैकी एखाद्याची बहुपदी अल्पपदी असेल तर गोंगाटातूनही तिचे बिट वेगाने शोधून काढता येतात. जी मितव्ययिता परिपथकाराला प्रिय, तीच फोडणाऱ्यालाही.

शोध चालू आहे

त्रिपदींच्या याद्या करण्याचे काम १९६० च्या दशकातच हाती घेतले गेले. वॉटसन यांनी १९६२ साली १०० कोटीपर्यंतच्या आदिम बहुपदींची यादी दिली. झिअर्लर आणि ब्रिलहार्ट यांनी १९६८-६९ मध्ये १००० कोटीपर्यंतच्या त्रिपदी तपासल्या. मर्सेन घातांकांच्या कोटीतील शोध पुढे रिचर्ड ब्रेंट आणि पॉल झिमरमन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह चालविला. २००२ मध्ये त्यांना (६९७२५९३, ३०३७९५८, ०) ही त्रिपदी सापडली आणि २०१६ मध्ये ७,४२,०७,२८१ या कोटीत तीन. येथे मधला घात कोटीच्या निम्म्याहून कमी असलेल्याच त्रिपदी मोजल्या आहेत. प्रत्येकीची उलट वाचलेली जोडीदारीणही आदिम असतेच.

अशा आदिम त्रिपदी अनंत आहेत, हे अद्याप कोणी सिद्ध केलेले नाही. ज्या कोटीत त्रिपदी नाही तेथे निदान अविभाज्य पंचपदी तरी नेहमी मिळते काय, हाही प्रश्न सिद्धतेविना पडून आहे. सेरूसी यांच्या १९९८ च्या यादीत १०,००० कोटीपर्यंत एकही अपवाद आढळत नाही. मर्सेन घातांकांपैकी ५,७८,८५,१६१ ही कोटी विशेष चमत्कारिक. या संख्येला ८ ने भागल्यास बाकी १ उरते, म्हणजे स्वान यांचे प्रमेय आड येत नाही. ४,३१,१२,६०९ या तिच्या आधीच्या कोटीत चार त्रिपदी सापडल्या आहेत. असे असूनही ५,७८,८५,१६१ च्या सर्व त्रिपदी तपासल्यानंतर एकही आदिम निघाली नाही.